जुनी फायबरची होडी: मोडायची की जोडायची?

मेट्रोने वर्सोव्याला उतरले की समोर समुद्र असेल असे वाटते, पण दिसतात त्या उंच इमारती. २०१४ साली घाटकोपर ते वर्सोवा ही गाडी सुरू झाली, तरी कोळीवाडा स्थानकापासून बराच पुढे, खाडीच्या तोंडाशी आहे. अलीकडे वर्सोवा, पलीकडे मढ. बांबूंवर वाळणारे बोंबील, दुरुस्तीला पसरलेली जाळी आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या दिसू लागल्या की आपण पोहोचलो असे समजावे.

शेतकरी वाचकाला होडीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. एक तर २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोळी आता आपल्याच भावकीतला झाला. दुसरे म्हणजे धरणांच्या जलाशयात आणि मोठ्या तळ्यांवर अशा होड्या आपल्याकडेही आल्या आहेत. आणि जुने अवजार दुरुस्त करावे की टाकून द्यावे, हा प्रश्न तर प्रत्येक घरातला आहे.

आम्ही ज्या घरी गेलो होतो, तिथली होडी लहान, मागे यंत्र टांगायची. वीस वर्षांपूर्वी घेतलेली. कुठे गळत नव्हती, रंगही बरा होता. पण गेल्या दोन हंगामांत ती आळसावली होती. तेल जास्त पिई, लाटेवर चढताना मागून बसे. नाखव्याला वाटले, यंत्र थकले. मेकॅनिकने यंत्र खोलून पाहिले. त्यात काही बिघाड नव्हता. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलाने लहान हातोडी घेतली आणि होडीच्या मागच्या फळीवर टकटक केले. बाजूला खणखणीत आवाज, मधे मात्र भद्द. तिथे बारीक भोक पाडले, तर तपकिरी पाणी झिरपू लागले.

खोडकिडा लागलेला ऊस बाहेरून हिरवा दिसतो, तसे हे. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि ती घट्ट बसवणारे रेझिन. ते कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, समुद्रातला लाकूड पोखरणारा किडाही त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून तर लाकडी होडीला दरवर्षी करावी लागणारी कापूस ठासण्याची, राळ-तेल लावण्याची मेहनत त्याने वाचवली. पण यंत्र टांगायच्या फळीला बळ यावे म्हणून फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड घातलेले असते. बोल्टच्या भोकातून खारे पाणी आत शिरते आणि लाकूड बंद पेटीत कुजते. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड असते. होडीत पाणी भरले तरी ती तरंगावी म्हणून आत फोमचे ठोकळे कोंडलेले असतात. तेही वर्षानुवर्षे पाणी पितात. मग होडी आपल्या पोटातलेच पाणी घेऊन रोज समुद्रावर जाते.

दुखणे कळले, पण औषध कधी करायचे? आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. होडी रिकामी असते ती याच दिवसांत. लाकडाचे काम पावसात छपराखाली कसेबसे होते. फायबरचे तसे नाही. ओल्या किंवा दमट पृष्ठावर रेझिन नीट धरत नाही, वर कडक दिसले तरी खाली पापुद्रा सुटतो. म्हणजे होडी मोकळी तेव्हा हवा ओली, आणि हवा कोरडी तेव्हा धंदा चालू! होडी नीट करायची तर ती मेच्या पहिल्याच आठवड्यात वर काढायला हवी होती. बंदीच्या आधीचे तीन-चार आठवडे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस, हातचे सोडायचे.

नाखवा तयार नव्हता. वरून एक थर चढवू, यंदाचे वर्ष काढू, असे त्याचे म्हणणे. हिशेब नाखवीण ठेवते. कोळ्यांत मासळी आणणे पुरुषाचे आणि विकणे बाईचे, तेव्हा पैशाची नाडी तिच्या हाती. ती म्हणाली, "चार आठवडे घर कसे चालवायचे ते मी बघते. सुकी मासळी आहे. पण भर समुद्रात यंत्रासकट फळी सुटली, तर मी काय बघू?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी होडी वर आली.

काम कसे झाले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण घाई करणारे इथेच फसतात. आधी होडी गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुतली. मीठ राहिले तर ते हवेतली ओल ओढत राहते. मग मागच्या फळीचा आतला थर कापून कुजलेले प्लायवूड खरवडून काढले. ते घमेल्याने काढावे लागले, कुजलेल्या शेणखतासारखे. भिजलेला फोमही निघाला. त्यानंतर दोन आठवडे होडी नुसती उन्हात, उघडी. नाखव्याला हेच सर्वांत जड गेले. आजूबाजूच्या होड्या मासळी आणताहेत आणि आपली वाळत पडली आहे.

तळाला काही ठिकाणी फोड आले होते. फोडल्यावर आतून व्हिनेगरसारखा आंबट वासाचा द्रव आला. फायबरमध्ये पाणी मुरल्याची ती खूण. ते फोड घासून, धुऊन, वाळवून मगच भरले.

जुन्या फायबरवर नवे नुसते चिकटवून टिकत नाही. जुना चकचकीत थर खरखरीत होईपर्यंत घासायचा आणि कापलेल्या कडेला लांब उतार द्यायचा. जाडी एक मिलिमीटर तर उतार बारा मिलिमीटर, हा सर्वसाधारण हिशेब. धोतराला ठिगळ लावताना आपण कापड कडेच्या पुष्कळ पुढे नेतो, तेच हे. नवे प्लायवूड बसवण्याआधी त्याच्या सगळ्या कडा रेझिनने बंद केल्या आणि बोल्टची भोकेही आतून रेझिनने माखली. मूळ होडी बांधणाऱ्याने एवढे केले असते, तर ही वेळच आली नसती.

रेझिन एका वेळी थोडेच कालवायचे. हार्डनर वजनाने शेकडा एक ते दोन, उन्हाळ्यात कमीच. पंधरा-वीस मिनिटांत ते घट्ट होऊ लागते, म्हणून बादलीभर कालवणाऱ्याची बादली वाया जाते. मॅटचा एक एक थर रेझिनने भिजवून वर रूळ फिरवायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. आणि एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवावी: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचा, मगच हार्डनर. घासताना नाका-तोंडावर चांगला मास्क हवा. नुसता रुमाल चालत नाही. काचेची धूळ त्यातून आत जाते. जवळ बिडी तर नकोच, रेझिनची वाफ पेट घेते.

सगळ्याच होड्या वाचवण्याजोग्या नसतात. तळाच्या आतल्या उभ्या पट्ट्या सुटल्या असतील, लाटेवर तळ डब्यासारखा आतबाहेर होत असेल, तर त्यावर पैसा घालू नये. मात्र टाकून देणेही सोपे नाही. लाकडी होडी मोडली तर फळ्या निघतात, खिळे निघतात, निदान चुलीला सरपण होते. फायबर भंगारवाला घेत नाही, आणि जाळू तर मुळीच नये. ते खाडीच्या कडेला वर्षानुवर्षे पडून राहते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा इथल्या कोळीवाड्यांत किती तरी होड्या फुटल्या. नाखवा म्हणतो, त्या वेळी ज्यांनी घाईने वरून थर चढवले, त्यांतले काही आज पुन्हा हातोडी घेऊन बसले आहेत.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मे संपत आला होता, आकाशात ढग होते. फायबरचे काम पुरे झाले होते. रंग आणि जाळ्याची डागडुजी बंदीच्या दिवसांत छपराखाली होणार होती. भरती येण्याआधी होडी आणखी वर, छपरात न्यायची होती. एरवी तिला ढकलायला दहा माणसे लागत. त्या दिवशी वाटेने जाणारी पोरे हाक मारून बोलावली, तीही खांदा देऊन उभी राहिली. पण पहिल्या जोरालाच होडी इतकी सहज पुढे सरकली की मागचे दोघे वाळूत तोंडावर पडले. नाखवीण मासळीची टोपली खाली ठेवून हसत सुटली.