छातीभर पाण्यातला देव

बिदरला समुद्र नाही. मांजरा नदी आहे, पण तीही शहराला वळसा घालून जाते. तरी पाण्यात शिरण्याची हौस भागवायला गावालगतच झरणी नरसिंहाचं भुयार आहे. लांबी सुमारे 300 मीटर, पाणी कमरेपासून छातीपर्यंत. नारळ आणि फुलांची पुडी डोक्यावर धरायची, लेकराला खांद्यावर घ्यायचं आणि चालायला लागायचं. छताला वटवाघळं लोंबत असतात. ती कुणाच्या वाटेला जात नाहीत, पण पहिल्यांदा आलेल्याची मान आपसूक खाली जाते.

तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाची पहिली बुडी मारली तेव्हा शिकवणाऱ्यानं एकच गोष्ट घोकून घेतली होती: श्वास रोखायचा नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुफ्फुसाला इजा होते. घाईघाईनं श्वास घेतला तर टाकीतली हवा लवकर सरते, मासे बघायचे राहूनच जातात. झरणीत टाकी नाही की मुखवटा नाही, पण ती शिकवण इथंही कामी आली. भुयारातली हवा दमट, कोंदट. मी भराभर पाय उचलले तर धाप लागली. श्वास संथ केला तेव्हा कुठं पोटऱ्यांना घासून जाणारं पाणी कळायला लागलं.

हे पाणी येतं कुठून? बिदरचं पठार जांभ्याचं. पावसाचं पाणी तो स्पंजासारखा पितो, खालचा काळा खडक ते अडवतो आणि मग ते पठाराच्या कडांना झिरपतं. गुरुनानक झिरा हा अशाच झऱ्यांपैकी एक. बहामनी सुलतानांनी 15व्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी इथं आणली. नौबादचा कारेझ, म्हणजे असंच पाणी वाहून नेणारा जमिनीखालचा पाट, त्याच काळातला.

लोकांची कथा मात्र निराळी. नरसिंहानं मारलेला जलासुर राक्षस शिवभक्त होता. मरताना त्यानं देवाला इथंच राहायला सांगितलं आणि स्वतः पाणी होऊन त्याच्या पायाशी वाहू लागला. मला ही कथा भूगर्भशास्त्राइतकीच पटते. भुयाराच्या टोकाला नरसिंह आहे आणि जलासुराचं शिवलिंगही.

सुट्टीच्या दिवशी जाऊ नये. टोकाशी जेमतेम आठ माणसं मावतात, मागच्यांना पाण्यातच ताटकळावं लागतं. सकाळी लवकर जावं, सोबत कोरडे कपडे न्यावेत. माझ्यापुढं एक आजी होत्या. दर्शन झाल्यावर ओला पदर पिळत नातवाला म्हणाल्या, ‘‘चल, अजून एकदा जाऊ.’’