कॅम्प नंबर किती?

टेमघरहून कल्याणला जाणाऱ्या शेअर रिक्षात चौथी सीट ड्रायव्हरच्या बाजूची. तिच्यावर अर्धं अंग बाहेर काढून जो बसतो, तोच देशाचे सगळे प्रश्न सोडवतो, हा माझा रोजचा अनुभव. परवा असेच एक काका होते. विषय 'बाहेरून आलेली माणसं'. लूमवर कोण भरलेत, कुणाकडे कागद आहेत, कुणाकडे नाहीत वगैरे. मध्येच मोबाईल वाजला. "अरे, कॅम्प नंबर 3ला चाललोय, पॅन्टपीस बघायचेत." फोन खिशात गेला आणि काका पुन्हा 'बाहेरच्यां'वर आले.

कॅम्प म्हणजे कसला कॅम्प, हे आता कुणी विचारत नाही. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांची वस्ती. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी त्यांना मिळाल्या, 1949 मध्ये गावाला नदीवरून नाव मिळालं, पण बराकींचे नंबर काही सुटले नाहीत. गंमत म्हणजे टेमघरला शुद्ध होऊन आमच्या नळाला येणारं पाणी त्याच उल्हास नदीतून, शहाडजवळून उचललेलं असतं.

काकांना हसण्याचा हक्क मला खरं तर नाही. चार वर्षांपूर्वी मास कॉमची डिग्री घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. टेमघरजवळ एका चाळीत लूमचे कामगार शिफ्टने झोपायचे. आठ जणांत एक खोली, गादी कधी थंड होत नाही. त्यांच्यावर मी फीचर केलं. मुलं मालद्याची, म्हणून मी लिहिलं, 'पश्चिम बंगालचे कामगार'. छापून आलं तेव्हा वर हेडलाइन होती, 'वस्तीत बांगलादेशी?' फक्त एक प्रश्नचिन्ह. ते लावलं की आरोप केला असं होत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी सोय. मी फोन करून भांडायला हवं होतं. नाही भांडले. पहिलीच मोठी बायलाइन होती. आठवड्याभरात मालकानं ती खोली रिकामी करून घेतली.

तेव्हापासून मला शब्दांचा नाद लागलाय. निर्वासित, विस्थापित, स्थलांतरित, घुसखोर. यातला कुठला शब्द कुणाला चिकटणार, हे कसं ठरतं?

याचं सगळ्यात भारी उदाहरण कोल्हापूरजवळ सापडतं. वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत युनियननं हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यातही बायका-मुलंच जास्त, इराणमार्गे इथे पोचले. 1943 ते 1948 त्यांचा मुक्काम होता. शाळा, चर्च, सगळं उभं राहिलं. आज कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरचं. 2019 मध्ये कोल्हापुरात मोठा सोहळा झाला, 2024 मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या स्मारकावर फूल वाहून आले. पेपरांनी दोन्ही वेळा पानं भरून लिहिलं, आणि छानच लिहिलं.

आता पुढचा भाग. पोलिश गेले आणि त्याच वळिवड्याच्या छावणीत सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. जागा तीच, एक गेले आणि दुसरे आले. त्यांच्यावर सोहळा झालेला मी तरी वाचला नाही. त्यांच्या वाट्याला आला साप आणि सिंधी यांचा तो घाणेरडा जोक, आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा दुसरा. जय हिंद कॉलेज कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 मध्ये सुरू केलं, हे तिथे कटऑफसाठी रडलेल्या किती जणांना माहीत असेल?

मला वाटतं, कारण साधं आहे. पोलिश परत गेले. पाहुणा परत जाणार असला की गोड लागतो. सिंधी राहिले, शेजारी दुकान टाकून बसले आणि चार आणे स्वस्त विकायला लागले. तिबेटी लोकांचंही बघा ना. गोंदिया जिल्ह्यात नोर्गेलिंग नावाची त्यांची वसाहत आहे. पण आपल्याला ते भेटतात थंडीत, स्वेटर घेऊन. उन्हाळा आला की दिसत नाहीत. त्यांच्याबद्दल वाईट बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

पूर्व बंगालमधून आलेली हजारो कुटुंबं गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेरा भागात वसवली गेली. मुंबई-पुण्याच्या पानांवर ती जवळजवळ नाहीतच. 1971 मध्ये कोटीभर लोक सीमेपलीकडून आले, तेव्हा देशानं प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलं होतं. त्याच दिशेनं आलेल्या माणसासाठी पुढे 'घुसखोर' हा शब्द रुळला.

हे फक्त आपलंच नाही. 2015 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या आलान कुर्दीच्या फोटोनं युरोप काही आठवडे विरघळला, मग कुंपणं आली. 2022 मध्ये युक्रेनहून लोक निघाले तेव्हा एका अमेरिकन चॅनेलचा वार्ताहर कॅमेऱ्यासमोर म्हणाला, की हे शहर इराक-अफगाणिस्तानच्या मानानं सुसंस्कृत आहे. नंतर त्यानं माफी मागितली. पण मनातलं तर बाहेर आलंच होतं.

आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, 1951च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. म्हणजे कोण निर्वासित आणि कोण नुसता परकीय, हे त्या त्या वेळचं सरकार ठरवतं, आणि उरलेलं आम्ही हेडलाइनवाले. 2019चा नागरिकत्व कायदा उल्हासनगरात दिलासा म्हणून वाचला गेला आणि भिवंडीत भीती म्हणून. दोन्ही गावांत जेमतेम काही किलोमीटर अंतर आहे. आणि भिवंडी तरी कुणाची? 1857च्या उठावानंतर उत्तरेतून निघालेल्या विणकर कुटुंबांनी इथे माग टाकले, नंतर तेलुगू पद्मशाली आले. मे 2020 मध्ये भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तेव्हा तीच माणसं आम्हाला टीव्हीवर 'बिचारी' दिसली. गाडी सुटेपर्यंत.

त्या आठपैकी एकाचा नंबर माझ्याकडे होता. फोन करायला मला तीन वर्षं लागली. तो आता इचलकरंजीला लूमवर आहे. सुट्टीच्या दिवशी गांधीनगरला शर्टाचं कापड घ्यायला जातो, तिथे स्वस्त मिळतं म्हणाला. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यानं मध्येच तोडलं. "मॅडम, वो सब ठीक है. बस इधर का कुछ मत छापना."