देहाची बाजू

देह आणि आत्मा यांचे भांडण काव्याइतकेच जुने आहे. परंतु त्यात कैफियत ऐकली जाते ती बहुधा आत्म्याची. देह हा तुरुंग आणि आत्मा हा त्यातील बंदी, हे रूपक ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोपासून चालत आले आहे. आपल्या संतांनीही देहाला नाशवंत म्हटले. मात्र नरदेहावाचून भक्ती घडत नाही, हेही त्यांनीच सांगितले. सतराव्या शतकातील इंग्रज कवी अँड्र्यू मार्व्हेल याने तर या दोघांचा संवाद रचून शेवटचा शब्द देहाला दिला. आशा, भय, प्रेम, द्वेष ही सारी दुखणी आत्म्यानेच जडविली, अशी तेथे देहाची तक्रार आहे.

मराठीत देहाची बाजू तितक्याच निष्ठेने, पण तक्रारीवाचून मांडली ती बेळगावच्या इंदिरा संत यांनी. त्यांचा जन्म १९१४ चा. बालपण निपाणीजवळच्या तवंदी गावात गेले. पती ना. मा. संत हेही कवी होते. 'सहवास' हा त्या दोघांचा संग्रह. १९४६ मध्ये पतींचे निधन झाले, तेव्हा इंदिराबाईंचे वय अवघे बत्तीस होते. बेळगावात अध्यापन करीत त्यांनी मुले वाढविली आणि 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७) हे संग्रह सिद्ध केले.

आत्मा अमर आहे, असे सांत्वन अशा वेळी केले जाते. ते खरे मानले, तरी मागे राहिलेल्याचे हरपलेले असते ते निराळेच : परिचित पाऊल, आवाज, हाताचा स्पर्श. विरह कळतो तो देहालाच. म्हणून त्यांची कविता अमूर्ताच्या आश्रयाला जात नाही. पाऊस, माती, सांजवेळ यांतूनच तिला गेलेल्याची चाहूल लागते. शेला अंगावर घ्यावयाचा, मेंदी तळहातावर रेखावयाची. संग्रहांची ही नावेसुद्धा देहाच्या जवळची आहेत. 'मृण्मयी', म्हणजे मातीची घडलेली, हे त्यांच्या एका कवितेचे नाव. रमेश तेंडुलकर यांनी संपादिलेल्या निवडक कवितांनाही तेच शोभले.

या काव्यात देह आत्म्याची वाट अडवीत नाही. आत्म्याची ओढ तोच आपल्यावर वागवितो. त्यांचे निधन २००० साली झाले. त्यांच्या उत्तरकालीन एका संग्रहाचे नाव 'निराकार' आहे. मातीला न नाकारताही तेथवर जाता येते, हीच त्यांच्या कवितेची साक्ष होय.