एकटीनं कुठवर जाता येतं?

बंगळुरूहून मालूरकडे जाताना लागणाऱ्या वीटभट्ट्या उपग्रहचित्रात ओळखणं अवघड नाही. माती उपसून पडलेले खड्डे, वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या ओळी, कडेला खोपट्यांची रांग. ठिपके लावत गेलं की भट्ट्यांचा पट्टा डोळ्यांपुढे उभा राहतो. पण वेठबिगारीविरुद्ध लढणाऱ्यांच्या लेखी तो नकाशा कोराच. कोणी किती उचल घेतली आणि तिच्यापायी कोण अडकलं, हे वरून दिसत नाही.

नकाशानं मन वळवण्याची चाल जुनी आहे. 1861 साली एडविन हर्गेशायमरनं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचा नकाशा काढला. 1860च्या जनगणनेवरून प्रत्येक काउंटीत शेकडा किती माणसं गुलाम आहेत ते काढायचं आणि त्या प्रमाणात छटा गडद करायची, एवढीच रीत. पडद्यावर तो मोठा करून पाहिला, तर मिसिसिपी नदीकाठी कागद जवळजवळ काळा. इसाक्वेना काउंटीत प्रमाण 92.5 टक्के. ॲपलेशियन डोंगराकडे सरकावं तसा तो पांढरा होत जातो. सगळी दक्षिण संघराज्यातून एकदिलानं फुटून निघाली, या समजाला तिथंच तडा जातो. राष्ट्राध्यक्ष लिंकन हा नकाशा पुन्हापुन्हा पाहत. फ्रान्सिस कार्पेंटरनं रंगवलेल्या, गुलामांच्या मुक्तिघोषणेच्या चित्रातही तो कोपऱ्यात टेकवून ठेवलेला दिसतो.

टक्केवारी राष्ट्राध्यक्षाला पटते. भट्टीवरच्या कुटुंबाला मात्र पटवायचं असतं ते दंडाधिकाऱ्याला. मुक्तीचा दाखला त्याच्याकडून मिळतो, आणि पुनर्वसनाची वाट त्या दाखल्यावरून जाते. 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या व्याख्येत एक कलम फार कामाचं आहे: कर्जापायी देशात मोकळेपणी हिंडण्याफिरण्याचा हक्क गमावणं हेही वेठबिगारीचं लक्षण. म्हणजे माणूस कुठवर जाऊ शकतो, याचा नकाशा पुरावा म्हणून मांडता येतो.

बंगळुरूत कार्यकर्त्यांच्या एका सरावात तो काढताना पाहिला. जमिनीवर कार्डशीट पसरलेला. भट्टी, खोपटी, पाण्याची टाकी, मालकाची खोली आणि फाटक आधी मांडून घेतलं. मग भट्टीवरच्या एका बाईला प्रश्न. “अक्का, बाजाराला कोण जातं? सोबत कोण येतं? तेव्हा मुलं कुठं असतात?” एकटीनं जाता येतं तिथवर सलग रेघ, मुकादमाचा माणूस सोबत असेल तर तुटक. टाकीपर्यंतची रेघ सलग आली. बाजाराची रेघ फाटकापासूनच तुटक झाली. नवराबायकोनं एका वेळी बाहेर पडायचं नाही, एकानं मागं राहायचं, म्हणून तिथं एकाच माणसाची खूण. गावाकडच्या रस्त्यावर रेघच नाही. बाई उचलीबद्दल बोलायला कचरत होती, पण रस्ते तिनं भराभर सांगितले.

शिकवणाऱ्यानं एकच गोष्ट बजावली: लाल रंग वापरायचा नाही, अंतर फुगवायचं नाही, आणि जिथं मजूर मोकळेपणी ये-जा करतात ती भट्टी तशीच दाखवायची. मला हे पटलं. सरसकट सगळ्या भट्ट्या काळ्या केल्या, तर पहिल्याच उलटतपासणीत नकाशा बाद होईल. हर्गेशायमरच्या काळ्या पट्ट्यावर विश्वास बसतो, कारण त्यानं डोंगराकडचा भाग पांढरा ठेवला.