टेप ड्राइव्ह दिसला, म्हणजे बॅकअप झाला?

टेप केव्हाच कालबाह्य झाली, हा पहिला गैरसमज. २०११च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरमधल्या एका दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतल्या मेल गायब झाल्या. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतींनाही फटका बसला. टेप ऑफलाइन होती म्हणून वाचली, आणि गूगलने तिच्यावरूनच मेल परत आणल्या.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: लिनक्सला ड्राइव्ह दिसला की सगळं जुळलं. लिनक्स एकाच ड्राइव्हला दोन नावं देतं, ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’. पहिल्या नावाने काम केलं, तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने ती आहे तिथेच थांबते. आता रात्रीची स्क्रिप्ट बघा. ‘टार’ने आधी होम डिरेक्टरी घेतली, मग डेटाबेस, आणि दोन्ही वेळा ‘एसटी०’ लिहिलं. डेटाबेस थेट होम डिरेक्टरीच्या डोक्यावर लिहिला जातो आणि एरर मात्र एकही येत नाही! नव्या मजकुराच्या शेवटी खूण पडते. तिच्यापुढे जुनं काही उरलं असलं तरी नेहमीच्या कमांडने ते वाचता येत नाही. म्हणून एका टेपवर एकाहून जास्त बॅकअप घ्यायचे तर ‘एनएसटी०’च वापरावं, आणि आधीच्या बॅकअपला जोड द्यायची असेल तर ‘एमटी’ कमांडने टेप ‘ईओडी’पर्यंत, म्हणजे डेटाच्या शेवटापर्यंत, न्यावी. फ्रीबीएसडीवर हीच जोडी ‘एसए०’ आणि ‘एनएसए०’ या नावांनी भेटते.

खोक्यावरच्या आकड्यावरही जाऊ नये. एलटीओ-९ टेपवर ४५ टीबी छापलेलं असतं. खरी क्षमता १८ टीबी. उरलेला हिशेब अडीच पट कॉम्प्रेशन धरून केलेला आहे. फोटो, व्हिडिओ किंवा एन्क्रिप्ट केलेल्या फाइल जवळपास दबतच नाहीत.

‘टेप वाचली जात नाही, म्हणजे खराब झाली’ असं म्हणून ती फेकू तर मुळीच नये. ‘टार’ एरवी १० केबीचे ब्लॉक धरून चालतो. टेप २५६ केबीच्या ब्लॉकने लिहिलेली असेल, तर वाचताना ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’ असा मेसेज येतो. लोक रॅम तपासत बसतात; खरं तर ‘टार’ला ब्लॉकचा मोठा आकार सांगितला की टेप वाचली जाते. टेपच्या लेबलवर तारखेशेजारी ब्लॉकचा आकार लिहून ठेवा, आणि लिहिलेली टेप त्याच आठवड्यात दुसऱ्या मशीनवर एकदा वाचून बघा.