इंग्रजीचे सौलभ्य आणि काठिण्य

इंग्रजी ही शिकण्यास सुलभ भाषा की कठीण, हा प्रश्न विद्यार्थिवर्गात वारंवार निघतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कारण या भाषेचे गुण व तिच्या अडचणी ही एकाच इतिहासाची दोन फळे होत.

प्राचीन इंग्रजीत नामांना तीन लिंगे होती आणि विभक्तींची रूपे होती. पुढील काही शतकांत हा प्रत्ययसंभार बहुतांशी गळून पडला. आज तेथे विशेषण नामाच्या लिंगवचनानुसार बदलत नाही आणि नियमित क्रियापदाची रूपे चारच: वॉक, वॉक्स, वॉक्ट, वॉकिंग. 'चांगला, चांगली, चांगले' घोकणाऱ्या मराठीच्या परभाषिक विद्यार्थ्याहून इंग्रजी शिकणाऱ्याचा आरंभ सुखाचा होतो.

परंतु प्रत्ययांचे कार्य कोणीतरी करावयास हवेच. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' यांतील कर्ता प्रत्ययावरून कळतो. इंग्रजीत नामांची अदलाबदल करताच मारणारा मरतो. तेथे पदक्रम हाच वाक्याचा कणा. उरलेला भार लहान शब्दांवर. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, तर 'पुट आउट' म्हणजे विझविणे. मराठीत ज्याला प्रतिरूप नाही ते 'द' हे उपपद तर पदवीधरासही चकविते.

शब्दसंपत्तीचेही तसेच. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा ओघ आला. लॅटिननेही भर घातली. 'आस्क', 'क्वेश्चन' व 'इंटरॉगेट' या क्रियापदांच्या मुळाशी विचारणेच आहे. पण पहिले घरगुती, दुसऱ्यात शंकेची छटा, तिसरे पोलीस चौकीतले. हे ऐश्वर्य खरे; मात्र कोणता शब्द कोठे शोभतो, हे कोश पाठ करून कळत नाही.

लेखनाची कथा निराळी नाही. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. मुद्रणाने लेखन हळूहळू स्थिरावले; उच्चार मात्र पालटत राहिले. 'नाइफ' शब्दाच्या आरंभीचा आज मुका असलेला 'के' एकेकाळी उच्चारला जात असे.

तात्पर्य, मराठी विद्यार्थ्याच्या हातून 'द' सुटतो तो त्याच्या मंदबुद्धीमुळे नव्हे. त्याची भाषा ते काम निराळ्या रीतीने करते म्हणून. अशा चुकांवर केवळ लाल रेघ ओढण्यापेक्षा दोन्ही भाषांच्या रचना शेजारी मांडून दाखविणे हेच अध्यापकाचे खरे कर्तव्य होय.