जुन्या मॉनिटरचे दोष : निदान व दक्षता

पीक पिवळे पडताच खताची मात्रा देऊ नये. आधी कारण शोधावे. घरातील जुन्या, काचनळीच्या रंगीत मॉनिटरलाही हाच नियम लागू पडतो.

पडदा काळा असल्यास प्रथम मॉनिटरवरील दिवा पाहावा. तो लागत नसेल तर वीजपुरवठा तपासावा; लागत असेल तर संगणकाकडून येणारी केबल पाहावी.

लाल, हिरवा व निळा हे रंग केबलमधील स्वतंत्र तारांतून येतात. निळा खंडित झाल्यास पांढरा भाग पिवळा, हिरवा खंडित झाल्यास जांभळट व लाल खंडित झाल्यास आकाशी दिसतो. अशा वेळी यंत्रे बंद करून केबल काढावी व वाकलेली पिन हलकेच सरळ करावी. एखादी पिन मुळातच नसते; तो दोष नव्हे.

कडेला रंगाचे डाग पडल्यास जवळचा स्पीकर दूर ठेवावा. त्यातील चुंबकाने रंग बिघडतात. मॉनिटर अर्धा तास बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यास डाग बहुधा जातात.

मागचे झाकण मात्र कदापि उघडू नये. काचनळीस सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असतो व वीज तोडल्यावरही तो साठून राहू शकतो. तेथील धक्का प्राणावर बेतू शकतो. तेव्हा पुढील काम जाणकार कारागिरावरच सोपवावे.